लॅपटॉपवर चहा सांडलाय, आत्ताच. काय करू?

कानामात्रा | मंगळवार, रात्री ११:५२

मोबाइलवरून लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

तासाभरापूर्वी लॅपटॉपवर चहा सांडला. अर्धा कप तरी असेल. दुधाचा, आलं घातलेला, दोन चमचे साखर. उजव्या हाताला प्रुफांचा गठ्ठा होता, त्यावर कप ठेवलेला (हो, माहितीये, घरचे बोलून झालेत). गठ्ठा सरकला आणि कप कीबोर्डवर आडवा. एंटरच्या आसपास सगळ्यात जास्त.

मी काय काय केलं ते क्रमाने सांगते. आधी ओढणीने पुसलं. मग नीट बंद करावा म्हणून मेनूत गेले, तर घाईत 'अपडेट अँड शट डाउन'वर बोट पडलं. मग ते गोल गोल फिरणं. "२७ टक्के, संगणक बंद करू नका." मी आज्ञाधारकपणे चार मिनिटं बघत बसले आणि चहा बटणांच्या फटींतून आत जाताना दिसत होता. बंद झाल्यावर अर्धा तास पंख्याखाली ठेवला. मग राहवेना म्हणून चालू करून बघितला. चालू झाला! दहा मिनिटं चालला, स्क्रीन एकदा लुकलुकली आणि गेला. आता बटण दाबलं तर ढिम्म. चार्जिंगचा दिवाही लागत नाही.

आत एका दिवाळी अंकाची १४४ पानं लावून ठेवली आहेत. शेवटचा बॅकअप ऑगस्टमधला. लॅपटॉप तीन वर्षं जुना, विंडोजवाला, बॅटरी आतली. मी साताऱ्यात, आत्ता कुणाचं दुकान उघडं नाही. बाबा म्हणतायत तांदळाच्या डब्यात ठेव. ठेवू का?

सोल्डरिंगवाला | रात्री ११:५७

ताई, चार्जर अजून लावलेला आहे का? असेल तर आधी भिंतीवरचं बटण बंद करा, मग पिन काढा. ते करून या, बाकीचं नंतर बोलू.

आणि पुन्हा चालू करून बघायचं नाही. एकदाही नाही.

कानामात्रा | रात्री ११:५९

काढला. लावलेलाच होता. दिवा लागत नव्हता म्हणून मला वाटलं वीज जातच नसेल.

सोल्डरिंगवाला | रात्री १२:२१

आता निवांत वाचा. मी नागपूरला चिपलेव्हलचं काम करतो (म्हणजे बोर्ड न बदलता त्यावरचे बारीक भाग दुरुस्त करायचे), पावसाळ्यात माझ्या टेबलावर निम्मे लॅपटॉप ओलेच असतात.

पहिलं म्हणजे, 'बंद' केलेला लॅपटॉप बंद नसतो. बॅटरी जोडलेली आहे तोवर आतल्या मदरबोर्डवर ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाइनी जाग्या असतात, नाहीतर तुम्ही दाबलेलं बटण त्याला कळणार कसं? चार्जर लावला की त्यात १९-२० व्होल्ट आणखी. चिपच्या दोन पायांमधलं अंतर अर्धा मिलिमीटरसुद्धा नसतं. त्या फटीत चहा आणि दोन्ही बाजूंना वेगळं व्होल्टेज, म्हणजे शाळेत तांब्याचा मुलामा चढवायचा प्रयोग करायचो तोच. एका पायाचं तांबं सुटतं आणि दुसऱ्याकडे जाऊन बसतं. नुसता ओला बोर्ड दोन दिवस पडून राहिला तरी मी धुऊन देतो. ओला बोर्ड दहा मिनिटं चालवला असेल तर ट्रॅक (बोर्डवरच्या तांब्याच्या रेघा) खाल्लेले सापडतात.

तुमचं 'अपडेट अँड शट डाउन' महागात पडलं असणार. सांडल्या क्षणी चार्जर काढायचा आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं, अपडेट गेलं खड्ड्यात. विंडोज पुन्हा टाकता येतं.

आत्ता काय करायचं ते सांगतो. लॅपटॉप पूर्ण उघडा आणि टेबलाच्या कडेवर उलटा ठेवा, कीबोर्ड खाली टॉवेलवर, स्क्रीन कडेवरून खाली लोंबकळेल अशी. बाजूने बघितलं तर तंबूसारखा दिसेल. उलटं का, तर सरळ ठेवलेल्या लॅपटॉपमध्ये कीबोर्ड वर आणि त्याच्या पोटाखाली बोर्ड असतो. उलटा केला की बोर्ड वर जातो आणि राहिलेला चहा कीबोर्डातच अडकतो किंवा खाली गळतो. हलवू नका, झटकू नका. हलवलं की चहा जिथे पोचला नव्हता तिथेही पोचतो.

दिवा लागत नाही म्हणजे बोर्ड मेला असं धरू नका. कुठेतरी शॉर्ट झाला की चार्जिंगचं सर्किट स्वतःच हात वर करतं. ही चांगली खूणही असू शकते.

कानामात्रा | रात्री १२:३४

केला तंबू. टॉवेलवर थेंब पडतायत. खोलीभर आल्याचा वास.

निवांत | रात्री १२:४०

हेअर ड्रायर आहे का घरात? आमच्याकडे रिमोट असाच वाळवला होता.

सोल्डरिंगवाला | रात्री १२:४३

रिमोट आणि लॅपटॉपमध्ये फरक आहे दादा. गरम हवेच्या झोताने थेंब आतल्या चिपांखाली ढकलला जातो, बटणांची प्लास्टिकची टोपणं वाकतात आणि साखर करपून घट्ट बसते. पंखा पुरे.

अण्णा_इचलकरंजी | बुधवार, सकाळी ६:१०

तांदळाला सगळे हसतात, पण माझ्या चुलतभावाचा फोन विहिरीत पडला होता, दोन दिवस कोलमच्या पोत्यात ठेवला आणि अजून चालतोय. अनुभवाचे बोल आहेत.

रसायनी_मास्तर | सकाळी ७:२५

अण्णा, तुमच्या भावाचा फोन तांदळाशेजारी वाळला, तांदळामुळे नाही. तांदूळ हवेतली ओल जरा शोषतो, पण बंद खोक्यातल्या बोर्डावरचा थेंब बाहेर ओढून काढायची ताकद त्याच्यात नाही. उघड्यावर वाऱ्याला ठेवलेली वस्तू त्याच्या आधी वाळते. उलट कोंडा आणि पीठ भोकांत जातं ते वेगळंच. ॲपलनेही २०२४ मध्ये आयफोनच्या मदतीच्या पानावर ओला फोन तांदळात ठेवू नका असं लिहिलंय, बारीक कणांनी नुकसान होतं म्हणून.

आणि इथे मूळ प्रश्न वाळवण्याचा नाहीच. चहातलं पाणी उडून जाईल, पण दूध आणि साखर कुठे जाणार? साखर स्वतः वीज वाहून नेत नाही, हे खरं. पण दुधातले आणि नळाच्या पाण्यातले क्षार नेतात, आणि साखरेचा थर हवेतली ओल धरून त्या क्षारांना कायम ओलं ठेवतो. आता सप्टेंबर चाललाय, साताऱ्याची हवा बघा. म्हणजे वरवर वाळलेला बोर्ड आतून चिकट आणि दमट राहतो, गंज चालूच. 'आठ दिवस चालला आणि मग अचानक बंद पडला' अशा गोष्टी ऐकता ना, त्या बहुतेक इथून येतात. चहा वाळवायचा नसतो, धुवायचा असतो.

उतरता क्रम लावायचा तर समुद्राचं पाणी सगळ्यात वाईट, मग थंड पेयं (कोलात फॉस्फोरिक आम्ल असतं), मग आपला गोड दुधाचा चहा, मग कोरी कॉफी, आणि सगळ्यात बरं साधं पाणी. बरं म्हणजे त्यातल्या त्यात.

अण्णा_इचलकरंजी | सकाळी ७:४०

मास्तर म्हणतात तर असेल. पण पोतं कोलमचंच होतं.

कानामात्रा | सकाळी ८:०५

धुवायचा म्हणजे? नळाखाली??

सोल्डरिंगवाला | सकाळी ८:३०

नाही हो. ९९ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोल, दुकानात 'आयपीए' म्हणून मागा. पण त्याच्याही आधी बॅटरीची पिन बोर्डातून काढायला हवी आणि तेच सगळ्यात तातडीचं आहे. सकाळी पहिलं जे मोबाइल दुरुस्तीचं दुकान उघडेल तिथे जा आणि एवढंच सांगा, मागचं झाकण उघडून बॅटरीचा कनेक्टर सोड. पाच मिनिटांचं काम. स्वतः करणार असाल तर साध्या घरगुती स्क्रूड्रायव्हरने करू नका, त्याने स्क्रूची डोकी गुळगुळीत होतात. रबरी पायांखालीही स्क्रू लपलेले असतात. कनेक्टर धातूच्या वस्तूने उचकायचा नाही, नखाने किंवा जुन्या सिमकार्डाने.

सॅनिटायझर चालेल का असं कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. नाही. त्यात पाणी असतं आणि बऱ्याचदा ग्लिसरीन.

कानामात्रा | दुपारी १२:१५

पोवई नाक्याजवळच्या एका दुकानात गेले. तिथल्या मुलाने झाकण उघडलं, बॅटरी सोडली आणि काहीच न बोलता मला आत बघायला बोलावलं. कीबोर्डची पट्टी बोर्डात जिथे घुसते तिथे तपकिरी डाग, कडेला गडद आणि मध्ये फिका, कागदावर कपाचा उठतो तसा. आल्याचा एक धागा एका पत्र्याच्या झाकणाला चिकटलेला. पंख्याजवळ एक पांढरी टिकली असते म्हणे, ती लाल झाली होती. मुलगा म्हणाला, "कंपनीवाले हेच बघतात पहिलं."

आता तो म्हणतोय थिनरने धुऊन देतो, संध्याकाळी घेऊन जा. देऊ का?

सोल्डरिंगवाला | दुपारी १२:१९

नको नको नको. थिनरने प्लास्टिकचे कनेक्टर मऊ पडतात. काही जण पेट्रोलही वापरतात, त्यालाही नको म्हणा. मुलगा प्रामाणिक दिसतोय, बॅटरी सोडल्याचे पैसे द्या आणि लॅपटॉप घेऊन या.

टिकलीबद्दल त्याचं बरोबर आहे. पाणी लागलं की ती लाल होते, आणि साध्या वॉरंटीत सांडासांडी बसत नाही.

नेटवर्कमामा | दुपारी १:००

सगळे बोर्डाच्या मागे लागलात, बाईंना पानं हवी आहेत. तीन वर्षं जुना विंडोज लॅपटॉप म्हणजे बहुधा आत च्युइंग गमच्या पट्टीएवढी एसएसडी (सगळ्या फायली साठवणारा भाग) असेल, एका स्क्रूवर बसवलेली. ती काढून यूएसबीच्या डबीत घाला (दुकानात 'एनव्हीएमई केस' म्हणून मिळते) आणि दुसऱ्या मशिनला लावा. चहा तिच्यापर्यंत गेला नसेल तर पानं आजच हातात. पट्टीवर डाग दिसला तर मात्र आधी आयपीएने पुसून पूर्ण वाळू द्या.

एक मेख आहे. बऱ्याच नव्या लॅपटॉपांवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं फायलींना लावलेलं कुलूप, आपोआप चालू असतं. दुसऱ्या मशिनला लावलं की ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. घाबरू नका, लॅपटॉप सुरुवातीला मायक्रोसॉफ्टच्या ज्या खात्याने चालू केला त्या खात्यात ती बहुतेक असते. मोबाइलवरून लॉगिन करून बघा. मॅकवाल्यांना आणि एसएसडी बोर्डावरच सोल्डर केलेल्या मशिनवाल्यांना हा रस्ता नाही, त्यांना बोर्डच जिवंत करावा लागतो.

कानामात्रा | रात्री ९:३०

मामा, तुमच्या पाया पडते. भाचीच्या कॉम्प्युटरला लावलं, ४८ अंक मागितले, खात्यात सापडले. आठव्या गटात एक अंक चुकला तेव्हा पोटात गोळा आला होता. १४४ पानं आणि सगळे फाँट सहीसलामत. दोन पेन ड्राइव्हवर घेतले आणि संपादकांनाही पाठवून दिले.

आता निदान रडू येत नाहीये. लॅपटॉप वाचवायचा की सोडून द्यायचा?

बर्लिनकर | रात्री ९:५५

माझ्या ऑफिसच्या थिंकपॅडवर कॉफी सांडली होती. कोरी, बिनसाखरेची. त्या जातीच्या बऱ्याच मॉडेलांत कीबोर्डखाली पन्हळी असतात, सांडलेलं तळाच्या भोकांतून खाली निघून जातं. माझी सगळी कॉफी पँटवर आली. लॅपटॉपला काही नाही झालं.

निवांत | रात्री १०:०२

पँटचं काय झालं?

बर्लिनकर | रात्री १०:०४

गेली. नवा लॅपटॉप घेणाऱ्यांनी अपघाती नुकसानीचं जादा कवच घेताना एकदा नीट वाचावं, एवढंच. ते घेतानाच किंवा ठरावीक दिवसांत घ्यावं लागतं, सांडल्यावर नाही मिळत.

वाशिष्ठीकाठ | गुरुवार, सकाळी १०:४०

चिपळूणहून लिहितोय. थोडं अवांतर होईल, पण नेटवर्कमामांच्या सल्ल्याला एक पुरवणी जोडतो, कुणाच्या तरी कामी येईल.

२२ जुलै २०२१ च्या पुरात आमचं कर सल्लागाराचं ऑफिस बाजारपेठेत तळमजल्याला होतं. पाणी ओसरल्यावर शटर उचकटून आत गेलो तर चार कॉम्प्युटर चिखलात. नुसतं पाणी नव्हतं, डिझेल, गटार आणि वाशिष्ठीचा गाळ, सगळं एकत्र. लॅपटॉप एक होता, तो टेबलाच्या खणात उभाच्या उभा गाळाने भरलेला. त्याच्यावर जीव नव्हता. जीव होता तो सात-आठ वर्षांच्या हिशेबांवर, आणि ते जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर. बॅकअपची डिस्क त्याच टेबलावर, त्याच पाण्यात. आजही बोलताना लाज वाटते.

माझा भाऊ उत्साही. म्हणाला डिस्क नळाखाली धुऊ, उन्हात वाळवू आणि लावून बघू. तसा एका डिस्कवर प्रयोग त्याने केलाही. लावल्यावर कर्रकर्र आवाज आला आणि ती कायमची गेली. आत गाळाचे कण होते, तबकडी फिरली की सगळा पृष्ठभाग खरवडला जातो. उरलेल्या डिस्का मी मुंबईच्या एका डेटा रिकव्हरीवाल्याला फोन करून मग हलवल्या. तो म्हणाला वाळवू नका, लावू नका, ओल्या फडक्यात गुंडाळून हवाबंद पिशवीत घाला आणि तशाच आणा. वाळलेला गाळ दगडासारखा बसतो, ओला असतो तोवर धुऊन काढता येतो. तिनांपैकी दोन डिस्कांमधलं बरंच परत मिळालं.

म्हणजे पेयाने भिजलेली एसएसडी आणि पुरातली फिरती डिस्क, दोघींचं औषध वेगळं. सारखं एवढंच की वीज लावून बघायची नाही.

सोल्डरिंगवाला | सकाळी ११:१५

वाशिष्ठीकाठ, 'लावून बघू' म्हणणारा भाऊ प्रत्येक घरात असतो. माझ्याकडे येणारी निम्मी गिऱ्हाइकं तीच.

कानामात्रा ताई, सोडून देऊ नका. बॅटरी सुटली आहे, आता घाई नाही. पुण्याला जाणं होणार असेल तर बुधवार पेठेत, तपकीर गल्ली आणि आसपास चिपलेव्हलवाले बसतात (मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड). दुकान निवडताना दोनच प्रश्न विचारा. बोर्ड पूर्ण बाहेर काढून पत्र्याच्या शिल्डखालीही धुता का? आणि शॉर्ट कसा शोधता? पहिल्याला "वरून ब्रश मारतो" आणि दुसऱ्याला "बोर्डच बदलावा लागेल" असं उत्तर आलं तर पुढच्या दुकानात.

कानामात्रा | सोमवार, रात्री ८:५०

उशीर झाला सांगायला. शनिवारी पुण्याला गेले. आधी कंपनीच्या सेंटरला, मनाची खात्री म्हणून. तिथे लाल टिकली बघितली आणि बोर्ड अधिक कीबोर्ड मिळून ३४ हजार सांगितले, वर आतल्या माहितीची हमी नाही. मग बुधवार पेठ. दोन दुकानांत बोर्ड बदलायला सांगितला. तिसऱ्या दुकानात, जिन्याखालच्या, एक काका बसले होते, त्यांनी मलाच उलटा प्रश्न विचारला, "सांडल्यावर किती वेळा चालू केलात?" मी म्हटलं एकदा. म्हणाले, "खरं सांगा." मी म्हटलं दोनदा. (इथे सांगितलं नव्हतं. पहिल्याच रात्री, धागा काढायच्या आधी. सॉरी.)

मग मला समोर बसवून काम केलं. बोर्ड काढला, शिल्ड उचकटली, आतमध्ये हिरवट-पांढरं पीठ धरलेलं. मऊ ब्रशने आयपीए लावून लावून ते काढलं, दार उघडं, आणि माझ्या पाठीमागे देवाजवळ लावलेली उदबत्ती आधी विझवली. मग अल्ट्रासॉनिकच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी धुणाऱ्या डब्यात. वाळल्यावर मीटर लावला तर शॉर्ट होताच. तेव्हा त्यांनी बोर्डावर पुन्हा आयपीएचा हात फिरवला आणि शॉर्ट असलेल्या लाइनीवर बाहेरून एक व्होल्ट सोडला. म्हणाले, "आता बघा आधी कुठे वाळतं." सगळा बोर्ड ओला चकचकीत आणि एकाच जागी, तिळाएवढ्या एका कपॅसिटरभोवती, दोन सेकंदांत कोरडा ठिपका पडला. तो गरम होत होता, तोच शॉर्ट. चिमट्याने उचलला, दुसऱ्या मेलेल्या बोर्डवरचा तसाच बसवला. शिवाय एक ट्रॅक खाल्ला होता, तिथे केसाएवढ्या तारेचा जंपर. भिंगातून दाखवला मला.

३,२०० रुपये घेतले. हमी फक्त एक महिन्याची, आणि तेही तोंडी. म्हणाले चहाची हमी देव पण देत नाही.

रसायनी_मास्तर | रात्री ९:१०

कोरड्या ठिपक्याची युक्ती वाचून दिवस सार्थकी लागला. आयपीए ८२ अंशांच्या आसपास उकळतं, गारही पटकन उडतं, त्यामुळे जरा गरम झालेली जागा लगेच उघडी पडते. पुढच्या वर्गात सांगणार.

सोल्डरिंगवाला | रात्री ९:१२

दोनदा चालू केलात. मला वाटलंच होतं.

कानामात्रा | मंगळवार, सकाळी ७:०२

ालू झाला!!! हे लॅपॉपवरून लिहितेय. ार्जिंगा दिवा लागतो, सगळं नी आहे

निवांत | सकाळी ७:०८

काय झालं ताई? बऱ्या आहात ना?

कानामात्रा | सकाळी ७:१५

आता मोबाइलवरून. मी इनस्क्रिप्टवर (भारतीय लिप्यांची कीबोर्ड मांडणी) टाइप करते. उजवीकडची दोन बटणं आणि एंटर गेलंय. अर्धविरामाच्या बटणावर च आणि त्याच्या शेजारच्यावर ट. कीबोर्डचे आतले प्लास्टिकचे पापुद्रे चहाने चिकटलेत, ते धुऊन सुटत नाहीत म्हणे, कीबोर्डच बदलायचा. आणि माझ्या मॉडेलात तो स्क्रूने नाही, वितळवलेल्या प्लास्टिकच्या टिकल्यांनी वरच्या पत्र्याला डकवलेला आहे, सगळ्या कापून नव्या बसवायच्या. दिवाळी अंक छापून झाला की करेन. तोवर बाहेरचा यूएसबी कीबोर्ड.

च शिवाय मराठी लिहून बघा एकदा. 'माझा', 'तुझा' चालतं. 'त्याचा', 'तिचा', 'आमचा' सगळं बंद. चहासुद्धा नाही.

अण्णा_इचलकरंजी | सकाळी ७:३०

बरं झालं तो नाही ते.

सांजवात | पाच आठवड्यांनंतर, शनिवार, सायं. ६:४४

धागा वर काढतेय, माफ करा. आत्ता लॅपटॉपवर शहाळ्याचं पाणी सांडलं, मुलाचा धक्का लागला. अजून चालू आहे, काहीच झालेलं दिसत नाही. बंद करायची गरज आहे का? की काम संपवून मग बघू?

कानामात्रा | सायं. ६:४५

ार्जर काढा! आधी ार्जर!

सोल्डरिंगवाला | सायं. ६:४६

त्यांना चार्जर म्हणायचंय.